फुटलेल्या काचा, जुने देणे : रोलिंग स्टोन्सच्या 'हॅकनी डायमंड्स'विषयी

पूर्व लंडनच्या बोलीत फोडलेल्या काचांना 'हॅकनी डायमंड्स' म्हणतात. चोर दुकानाची किंवा मोटारीची काच फोडतो, माल घेऊन जातो, आणि मागे रस्त्यावर जो चुरा उरतो तो दिव्याच्या उजेडात हिऱ्यांसारखा चमकतो. रोलिंग स्टोन्स या इंग्रज बँडने ऑक्टोबर २०२३ मध्ये आपला नवा अल्बम काढला आणि त्याला हे नाव दिले. गमतीने दिले असेल. परंतु ज्या बँडचे साठ वर्षांचे वैभव दुसऱ्यांच्या घरातून आणलेल्या संगीतावर उभे आहे, त्याने आपल्या अल्बमला चोरीनंतर उरलेल्या काचांचे नाव द्यावे, ही गोष्ट माझ्यासारख्या श्रोत्याला नुसती गंमत म्हणून सोडून देता येत नाही.

या नियतकालिकात इंग्रजी रॉक संगीतावर लेख कशाला, असे काही वाचक विचारतील. आमच्या स्टाफरूममध्ये एका सहकाऱ्याने विचारलेच, "सर, आपल्या पोरांना परीक्षेची फी भरता येत नाही, आणि तुम्ही गोऱ्यांची गाणी काय ऐकत बसता?" प्रश्न खोटा नाही. माझे उत्तर असे आहे. १९७२ साली मुंबईत नामदेव ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार आणि त्यांच्या मित्रांनी जी संघटना काढली, तिचे नाव अमेरिकेतील काळ्यांच्या संघटनेवरून घेतलेले होते. त्याआधी डॉ. म. ना. वानखेडे अमेरिकेत शिकून आले आणि तिथल्या काळ्या लेखकांची ओळख त्यांनी आपल्या तरुणांना करून दिली. पुढे जनार्दन वाघमारे यांनी त्या साहित्यावर आणि संस्कृतीवर मराठीत ग्रंथ लिहिला. आणि या सर्वांच्या आधी, १९४६ साली, बाबासाहेबांनी ड्युबॉइस यांना पत्र लिहून नीग्रोंनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत मागितली होती. नाते असे जुने आहे. आपण त्यांच्या कविता वाचल्या, कादंबऱ्या वाचल्या. त्यांचे गाणे मात्र आपल्यापैकी फार थोड्यांनी ऐकले, आणि जे ऐकले ते बहुधा गोऱ्या गळ्यातून ऐकले.

मीही तसेच ऐकले. घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिला. वसतिगृहात माझ्या खोलीत राहणाऱ्या मित्राने कुठून तरी शंभरएक इंग्रजी गाण्यांची एक सीडी आणली होती. शब्द कळत नसत. एका गाण्याच्या मध्यावर एका बाईचा आवाज वर चढत जाई, आणखी वर जाई, आणि तिथे फाटे. आमच्या वस्तीत मयताच्या घरी बाया ज्या टोकाला जाऊन रडतात त्या टोकाचा तो आवाज होता. ते गाणे रोलिंग स्टोन्सचे 'गिमी शेल्टर' हे मला पुढे कळले. ती बाई मेरी क्लेटन हे कळायला आणखी काही वर्षे गेली. ती एका काळ्या धर्मोपदेशकाची मुलगी. १९६९ साली लॉस एंजेलिसमध्ये मध्यरात्री तिला घरून बोलावून घेतले गेले. ती गरोदर होती. मोजक्या प्रयत्नांत तिने ते गाऊन दिले आणि ती घरी गेली. त्यानंतर तिचा गर्भपात झाला. पुढे बराच काळ ते गाणे तिला ऐकवत नसे. ज्या आवाजामुळे ते गाणे मोठे झाले तो आवाज तिचा, आणि नाव बँडचे. रोलिंग स्टोन्सविषयी माझे मत पहिल्यापासून दुभंगलेले आहे ते असे. प्रेम बसले ते त्यांच्या तबकडीतल्या, त्यांच्या नसलेल्या आवाजावर.

हा बँड मुळात कसा जन्मला ते थोडक्यात सांगायला हवे. १९६१ साली इंग्लंडमधील डार्टफर्ड स्टेशनवर मिक जॅगर आणि कीथ रिचर्ड्स हे दोन तरुण भेटले. लहानपणी एकाच शाळेत होते, मध्ये ओळख तुटली होती. जॅगरच्या काखेत चक बेरी आणि मडी वॉटर्स यांच्या तबकड्या होत्या. बोलणे सुरू झाले ते त्यांच्यामुळे. १९६२ मध्ये बँड उभा राहिला तेव्हा त्याला नाव दिले तेही मडी वॉटर्सच्या १९५० सालच्या एका गाण्यावरून. म्हणजे बारसेसुद्धा उसन्या पाळण्यात झाले.

मडी वॉटर्स म्हणजे मॅकिन्ली मॉर्गनफील्ड. मिसिसिपीतील स्टोव्हल नावाच्या मळ्यावर राबणारा माणूस. १९४१ साली ॲलन लोमॅक्स आणि फिस्क विद्यापीठातील जॉन वर्क हे लोकगीते मुद्रित करीत तिथे पोचले. त्यांनी मडीचे गाणे यंत्रावर घेतले आणि त्याला परत ऐकवले. स्वतःचा आवाज तबकडीवर ऐकून आपणही गायक आहोत, हे करू शकतो, असे त्याला प्रथमच खरे वाटले, असे त्याने पुढे सांगितले. आपल्याकडे पहिल्या आत्मकथनांच्या काळात छापील पानावर आपल्या घराची भाषा पाहून अनेकांना जे वाटले असेल, ते मला यात दिसते. दोन वर्षांनी त्याने मजुरी वाढवून मागितली, मुकादमाने नाकारली, आणि १९४३ साली तो मळा सोडून शिकागोला गेला. खेडे सोडा असे बाबासाहेब आपल्याला सांगत होते तो काळही हाच. शहराच्या गोंगाटात साध्या गिटारचा आवाज कुणाच्या कानावर जाईना, म्हणून त्याने विजेची गिटार घेतली. पुढे ज्याला जगाने रॉक म्हटले त्याचा पाया असा एका स्थलांतरित शेतमजुराने घातला आहे. अमिरी बराका यांनी १९६३ साली 'ब्लूज पीपल' या ग्रंथात हेच मांडले, की ब्लूज म्हणजे गुलामाचा नागरिक होत जाण्याचा इतिहास आहे. गाणी बदलत गेली ती माणसांची अवस्था बदलत गेली म्हणून.

आता या इतिहासाशी स्टोन्सचा व्यवहार कसा राहिला? दोन्ही बाजू सांगतो. १९६४ साली त्यांनी हाउलिन वुल्फने गायलेले, विली डिक्सन यांचे 'लिटल रेड रूस्टर' गाऊन इंग्लंडमध्ये पहिल्या क्रमांकावर नेले. हाउलिन वुल्फचे नावही ज्यांनी ऐकले नव्हते अशा घरांत ते वाजले. १९६५ मध्ये अमेरिकन दूरदर्शनवरच्या एका तरुणांच्या कार्यक्रमात त्यांनी आग्रह धरून हाउलिन वुल्फला आणवले, आणि तो गाताना स्वतः त्याच्या पायाशी बसले. हे खोटे नाही. पण १९६८ च्या 'बेगर्स बँक्वेट'वरील 'प्रॉडिगल सन' हे गाणे पाहा. ते रेव्हरंड रॉबर्ट विल्किन्स या काळ्या धर्मोपदेशकाचे. त्याने ते वेगळ्या शब्दांत १९२९ साली मुद्रित केलेले होते. पहिल्या तबकड्यांवर मात्र गीतकार म्हणून जॅगर आणि रिचर्ड्स यांची नावे छापली गेली. आणि १९७१ चे 'ब्राउन शुगर'! गुलाम बाईवर होणारा बलात्कार त्यात नाचायच्या ठेक्यावर बसवला आहे. २०२१ च्या दौऱ्यात त्यांनी ते गाणे वगळले तेव्हा हे गाणे गुलामगिरीच्या भीषणतेबद्दल आहे, हे लोकांना कसे कळत नाही, असा रिचर्ड्स यांचा सूर होता. विषय भीषण असणे आणि सूर भीषण असणे यांत फरक आहे. ते गाणे ऐकताना कुणाचे पाय थांबत नाहीत, एवढे त्याच्याविषयी पुरे.

एक किस्सा मला या सर्वांहून महत्त्वाचा वाटतो. १९६४ साली स्टोन्स शिकागोच्या चेस या कंपनीच्या स्टुडिओत मुद्रणासाठी गेले. तेव्हा आत शिरताना आपण पाहिले की एक काळा माणूस शिडीवर चढून छत रंगवतो आहे आणि तो मडी वॉटर्स होता, असे कीथ रिचर्ड्स वर्षानुवर्षे सांगत आले. कंपनीच्या मालकाचा मुलगा मार्शल चेस याने हे कधीच घडले नाही असे सांगितले. मडी उंची कपडे घालणारा, रुबाबात वावरणारा माणूस होता असे त्याला ओळखणारे सांगतात. खरे काय ते बाजूला ठेवू. मला कुतूहल आहे ते या कथेच्या गरजेचे. ज्याला आपण गुरू म्हणतो त्याला अंगावर चुन्याचे शिंतोडे उडालेल्या अवस्थेत पाहण्याची गरज शिष्याला का वाटावी? आपल्या मराठीत दलितांवर सहानुभूतीने लिहिणाऱ्यांचीही हीच तऱ्हा होती. त्यांच्या कथेतला आपला माणूस नेहमी उकिरड्यावर, नेहमी उपाशी, नेहमी हात पसरलेला. तो इस्त्रीचा सदरा घालून समोर बसला की त्यांची लेखणी थांबे. त्यात दुष्टावा नव्हता, प्रेमच होते. पण त्या प्रेमाला समोरचा माणूस खाली असलेला हवा होता.

म्हणून स्वानुभूती की सहानुभूती हा आपला जुना वाद या बँडच्या निमित्ताने मला पुन्हा उघडावासा वाटतो. दुसऱ्याची वेदना गाण्याचा अधिकार कुणाला? हा प्रश्न आपल्या मातीतही आहे. पठ्ठे बापूराव कुलकर्णी आपली जात सोडून तमाशात आले, पवळाबाईंबरोबर बोर्डावर उभे राहिले, समाजाचा रोष पत्करला. त्यांचा त्याग मोठा होता. लावण्यांवर नाव त्यांचे राहिले, आणि पवळाबाई आठवणीपुरत्या उरल्या. चवदार तळ्याच्या सत्याग्रहाला त्यांनी तमाशाचे उत्पन्न देऊ केले तेव्हा बाबासाहेबांनी ते घेतले नाही. आमच्या बायका नाचवून मिळालेला पैसा त्यांना नको होता. कलावंताच्या मनातले प्रेम आणि त्या कलेचा हिशेब ही दोन वेगळी खाती आहेत, हे त्या नकारात आहे.

हे सर्व मनात ठेवून मी 'हॅकनी डायमंड्स' ऐकला. पेपर तपासणीसाठी रोज एस. टी. ने दीड तास जावे लागे. त्या आठवड्यात जाता-येता कानात हाच अल्बम होता. एकूण बारा गाणी. स्वतःची नवी गाणी या बँडने अठरा वर्षांनी, २००५ नंतर प्रथमच आणली. अल्बम आला तेव्हा जॅगरने वयाची ऐंशी पूर्ण केली होती. ढोलवादक चार्ली वॉट्स ऑगस्ट २०२१ मध्ये वारले होते. निर्माता अँड्र्यू वॉट हा १९९० साली जन्मलेला तरुण.

पहिले गाणे 'अँग्री'. गिटारचा तो ओळखीचा तुटक ठेका लागतो आणि अंग जागे होते, हे मी नाकारत नाही. पण गाणे कशाबद्दल आहे? नावावरून वाटते की गायक संतापला आहे. ऐकल्यावर कळते की संतापली आहे ती बाई, आणि गायक तिला विनवतो आहे की माझ्यावर चिडू नकोस, मी तुझे काही वाईट केलेले नाही. मी एस. टी. त हसलो. हे वाक्य आपण किती वेळा ऐकले आहे! आमच्या पिढीने काहीही केलेले नाही, मग तुम्ही लोक अजून एवढे का चिडता? तिला राग कशाचा आला, ते गाण्यात कुठेच नाही. तिला एक ओळही बोलायला मिळत नाही. तिचा राग शीर्षकाला उपयोगी पडला, तिची तक्रार मात्र बाहेर राहिली. या गाण्याच्या चित्रफितीत एक तरुण नटी उघड्या मोटारीतून लॉस एंजेलिसच्या रस्त्यावरून जाते आणि दोन्ही बाजूंच्या जाहिरात फलकांवर स्टोन्स आपल्या तरुणपणीच्या चेहऱ्यांनी गातात. म्हातारपण जाहिरातीत नको होते असे दिसते.

तरीही इथे मला स्वतःकडेही बोट दाखवले पाहिजे. राग हे ज्याचे नाव आहे पण ज्यात राग नाही, असे लेखन आपल्याकडे होत नाही काय? विद्यार्थ्यांच्या कविता माझ्याकडे तपासायला येतात. त्यांत आग असते, ज्वालामुखी असतो, सूर्य असतो, आणि गावातल्या ज्या माणसाने परवा पाण्यावरून शिवी दिली त्याचा पत्ता नसतो. ढसाळांच्या 'गोलपिठा'त गल्लीबोळ आहेत, माणसे आहेत, त्यांची नावे आणि रोग आहेत. आमच्या आजच्या बऱ्याच कवितांत ठेका तेवढा उरला आहे. ऐंशी वर्षांच्या श्रीमंत गायकाला मी हसलो खरा, पण ते हसणे फार वेळ टिकले नाही.

अल्बमच्या मध्यातील गाण्यांवर फार लिहिण्यासारखे नाही. 'डिपेंडिंग ऑन यू' आणि 'ड्रायव्हिंग मी टू हार्ड' ही त्यांच्याच जुन्या गाण्यांच्या सावलीत बसलेली आहेत. 'बाइट माय हेड ऑफ'मध्ये पॉल मॅकार्टनी यांनी बास वाजवला आहे. आवाज कर्कश आहे, गंमत आहे, आणि गाणे संपले की काही उरत नाही. सर्वत्र एक चकचकीतपणा आहे. प्रत्येक सूर पुसून, घासून, जागच्या जागी ठेवलेला. जुन्या तबकड्यांत वाद्ये एकमेकांच्या अंगावर पडत, कुणी मागे राही, कुणी पुढे जाई, आणि त्या ढिलाईतच या बँडचा जीव होता. तो या तरुण निर्मात्याने बऱ्याच ठिकाणी इस्त्री करून टाकला आहे. 'मेस इट अप' आणि 'लिव्ह बाय द स्वोर्ड' या दोन गाण्यांत मृत्यूपूर्वी मुद्रित झालेले चार्ली वॉट्स यांचे वादन आहे. तिथे फरक लगेच जाणवतो. ठेका किंचित मागे रेलतो, श्वास घेतो. दुसऱ्या गाण्यात कैक वर्षांपूर्वी बँड सोडून गेलेले बिल वायमनही परत येऊन बास वाजवून गेले. शब्द सामान्य आहेत, म्हणींची नुसती माळ आहे. तरी गेलेल्या मित्राच्या ठेक्यावर म्हातारी माणसे पुन्हा एकत्र उभी राहिली आहेत हे ऐकू येते, आणि मला ते आवडले.

'होल वाइड वर्ल्ड'बद्दल दोन वाक्ये. यात जॅगर उमेदवारीच्या दिवसांतील लंडनच्या घाणेरड्या भाड्याच्या खोलीची आठवण काढतो, तीही मुद्दाम लंडनी उच्चारात. हा त्याचा स्वतःचा अनुभव आहे, उसना नाही, म्हणून मी कान टवकारले. पण दोन कडव्यांत तो त्या खोलीतून बाहेर पडतो आणि धीर देणाऱ्या घोषणेसारख्या धृपदात शिरतो. ती खोली त्याने नीट पाहू दिली असती तर!

'स्वीट साउंड्स ऑफ हेवन' हे सात मिनिटांहून लांब गाणे अल्बमचे शिखर मानले गेले. काळ्यांच्या चर्चमधील गायनाच्या वळणाचे हे गाणे आहे. हळू सुरू होते, पितळी वाद्ये येतात, आवाज वर चढत जातो, गाणे संपल्यासारखे थांबते आणि पुन्हा सुरू होते. कुणी उपाशी राहू नये अशी प्रार्थनाही त्यात आहे. स्टीव्ही वंडर यांनी पियानो आणि इतर कळवाद्ये वाजवली आहेत. हेच स्टीव्ही वंडर १९७२ साली बाविसाव्या वर्षी स्टोन्सच्या अमेरिका दौऱ्यात त्यांच्या आधी गायला उभे राहत. जॅगरच्या बरोबरीने गाणारी बाई आहे लेडी गागा. तिचा गळा तयारीचा आहे आणि ती जीव तोडून गाते. मी तिच्यात खोट काढत नाही. पण ही जागा माझ्या ओळखीची आहे. ही मेरी क्लेटनची जागा आहे. गोऱ्या गायकाच्या शेजारी उभे राहून त्याला स्वर्गापर्यंत उचलून धरणाऱ्या काळ्या बाईची जागा. पूर्वी त्या जागेवर ती उभी राही, नाव मागे पडे, पण आवाज तरी तिचा असे. आता तिची ढब आहे आणि ती स्वतः नाही. गाणे चांगले आहे. मी ते चार वेळा ऐकले आणि चारही वेळा शेवटी त्या फाटलेल्या आवाजाची वाट पाहत राहिलो. इथे काहीच फाटत नाही.

आणि मग शेवटचे गाणे, 'रोलिंग स्टोन ब्लूज'. ज्या गाण्यावरून बँडला नाव मिळाले ते मडी वॉटर्सचे गाणे स्वतःच्या अल्बमवर घ्यायला यांना एकसष्ट वर्षे लागली. इथे निर्मात्याची चकाकी नाही. रिचर्ड्सची गिटार आणि जॅगरचा आवाज व माउथ ऑर्गन, एवढेच. गीतकार म्हणून मडी वॉटर्सचे नाव. तीन मिनिटेही नाही. पण याच तीन मिनिटांसाठी मी हा लेख लिहायला घेतला.

मडीच्या मूळ मुद्रणात एक माणूस आणि एक गिटार आहे. ओळ संपल्यावर तो थांबतो, आणि त्या थांबण्यात धमकी आहे. घर नाही, मालक नाही, कुणी बांधून ठेवू शकत नाही, असा माणूस बोलतो आहे. ज्यांचे पूर्वज विकले गेले त्याच्या तोंडी भटकेपण म्हणजे स्वातंत्र्य आहे. विशीतल्या जॅगरने हे गाणे गायले असते तर त्याने मडीचे सोंग काढले असते. त्या काळच्या त्याच्या तबकड्यांत तसे सोंग भरपूर आहे. ऐंशीव्या वर्षी त्याने आवाज आवरला आहे. गिटार थोडी अडखळते. मित्र गेलेला आहे, आपणही आता फार दिवसांचे नाही, हे माहीत असलेली दोन माणसे ज्या दारातून आत आली त्या दाराशी परत येऊन उभी राहिली आहेत. वेदना मडीची आहे, ती त्यांची होत नाही. पण देणेकऱ्याने देणे कबूल करताना जो आवाज निघतो तो त्यांचा स्वतःचा आहे. दुसऱ्याचे गाणे गाण्याचा अधिकार जन्माने मिळत नाही आणि नुसत्या प्रेमानेही मिळत नाही. कुणाचे घेतले हे नाव घेऊन सांगितले आणि त्यापुढे आपला बडेजाव खाली ठेवला, तर काही क्षणांपुरता मिळतो, असे मला हे गाणे ऐकून वाटू लागले आहे. आधी मी या मताचा नव्हतो.

पण याच्या उलट एक गोष्टही मला छळते. देणे कबूल झाले ते शेवटच्या तीन मिनिटांत. आधीची पंचेचाळीस मिनिटे तोच धंदा चालू होता. या अल्बमला २०२५ मध्ये उत्कृष्ट रॉक अल्बमचे ग्रॅमी पारितोषिक मिळाले. कबुलीसुद्धा मालाबरोबर विकली जाते.

माझे वडील बँडपार्टीत क्लॅरिनेट वाजवीत. त्यांच्या वडिलांनी, माझ्या आज्याने, धर्मांतरानंतर हलगी खाली ठेवली ती कायमची. गावकीचे वाजवणे म्हणजे चाकरी होती. लग्नात वाजवायचे आणि पंगत उठल्यावर उरलेले घ्यायचे. त्याने हलगी सोडली म्हणून गावाने त्याचे धान्य बंद केले. वडील सांगतात, आज्याचा हात फार चांगला होता. सोडल्यावर तो कधी कधी मांडीवर बोटे वाजवी आणि कुणी पाहिले की थांबे. दोन वर्षांपूर्वी आमच्या महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनात शहरातून एक फ्यूजन बँड आला. त्यांच्यात एक मुलगा हलगी वाजवीत होता, छान वाजवीत होता. निवेदकाने तिला आपल्या मातीचा आदिम ताल म्हटले. टाळ्या पडल्या. ती कुणाच्या गळ्यात होती आणि का उतरली याबद्दल एक शब्द नाही. मी टाळ्या वाजवल्या की नाही, हे आता मला आठवत नाही.

सुट्टीत घरी गेलो तेव्हा मोबाईलवर वडिलांना ती दोन्ही गाणी ऐकवली. आधी जॅगरचे, मग मडीचे. इंग्रजी त्यांना येत नाही. पहिले ऐकून म्हणाले, "म्हातारा हाय का रं ह्यो?" मी हो म्हणालो. दुसरे ऐकताना त्यांनी मान हलवायचे थांबवले. संपल्यावर म्हणाले, "ह्यो पुन्ना लाव." मी पुन्हा लावले. मग विचारले, "पहिल्यानं ह्याचंच घेतलंय न्हवं?" म्हटले, "होय दादा, याचेच. सांगून घेतलंय." त्यावर ते एवढेच म्हणाले, "साठ वर्सानं?" साठ वर्षांचा उल्लेख मी जेवताना सहज केला होता, तो त्यांनी लक्षात ठेवला होता.

दुसऱ्या सत्रात मला अमेरिकन काळ्यांचे साहित्य शिकवायचे आहे. बराका यांच्यावर बोलण्यापूर्वी वर्गात मडीचे १९५० चे गाणे लावणार आहे, आणि त्यानंतर हे २०२३ चे. वेळ उरला तर 'अँग्री'ही लावीन. त्यातली बाई कशामुळे चिडली असेल, ते मुलामुलींनी आपापल्या वहीत लिहावे असे सांगेन. निदान एका पानभर लिहा, आणि आग, सूर्य, ज्वालामुखी हे शब्द वापरू नका.